पंधरा मिनिटं पंप बंद

कोरसमध्ये गाणाऱ्या माणसाचं पहिलं काम गाणं नव्हे, शेजारच्याचं ऐकणं. हे जरा नीट सांगायला हवं, कारण पुढचा सगळा घोटाळा यातूनच झाला. दहा जणी एका रांगेत उभ्या राहिल्या आणि प्रत्येकीने आपल्या मते खरा सूर लावला, तर दहा खरे सूर ऐकू येतात आणि गाण्याची भाजीमंडई होते. म्हणून कोरसमधली शहाणी बाई एक कान शेजारणीकडे ठेवते. शेजारीण केसभर चढली की ही केसभर चढते, ती उतरली की ही उतरते. चुकलंच तर सगळ्यांचं मिळून एकदाच चुकतं, आणि दहा जणींनी मिळून केलेल्या चुकीला चूक म्हणत नाहीत, चाल म्हणतात.

कोरसताईने हे काम बावीस वर्षं केलं होतं. कोरसताई हे नाव तिला इमारतीने दिलेलं. स्टुडिओत तेवढंही नव्हतं. तिथे ती "डावीकडून दुसरी". काचेपलीकडचा संगीतकार बटण दाबून म्हणायचा, "डावीकडून दुसरी, जरा मागे," आणि ती मागे व्हायची. कोरस नसेल त्या दिवशी ती डमी गायची. डमी म्हणजे मोठ्या गायिकेला चाल कळावी म्हणून आधी कुणीतरी गाऊन ठेवलेलं गाणं. मोठी गायिका येते, डमी ऐकते, चहा पिते, स्वतःचं गाते, आणि डमी पुसून टाकतात. कोरसताईची अशी तीनशेच्या वर गाणी पुसली गेली होती. घरी आलेल्या पाहुण्यांनी कौतुकाने तुमचं एखादं गाणं लावा ना म्हटलं की तिची पंचाईत व्हायची. ज्या गाण्यात ती होती त्यात ती ऐकू येत नसे, आणि ज्यात ऐकू येत होती ते गाणं आता शिल्लक नव्हतं.

त्या दिवशी दुपारी दीडला संगीतकाराचा फोन आला. मुलांच्या एका चित्रपटाच्या शेवटी चार ओळींची अंगाई होती. तिची डमी कोरसताईने गायली होती. आता मोठ्या गायिकेचा घसा बसला होता आणि दिग्दर्शक डमी ऐकून म्हणाला होता, हाच आवाज राहू दे. पण डमी घाईघाईत झालेली, मागे कपबशा वाजत होत्या, तेव्हा ती पुन्हा नीट गायला हवी होती. स्टुडिओत रंगकाम चाललं होतं, म्हणून घरूनच गाऊन पाठवायची. सूर मशीनने ओढून सरळ करता येतो, पण मग आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा होतो आणि दिग्दर्शकाला तो नको होता. पाच वाजता चित्रपटाची प्रत बंद होणार, मग काही बदलता येणार नाही. तोवर सुरात आलं नाही, तर दुसऱ्या एका बाईंनी गाऊन पाठवलेलं सकाळीच येऊन पडलं होतं, ते लागेल.

हे सगळं सांगून फोन ठेवता ठेवता तो म्हणाला, "आणि हो, नामावलीत गायिका म्हणून तुमचं नाव जाईल. पडद्यावर, एकटं."

कोरसताई होती तिथेच, चपलांच्या स्टुलावर बसली.

साडेतीन तास होते आणि चार ओळी. कामाला सुरुवात करताना माणसाला नेहमी असंच वाटतं.

झोपायच्या खोलीतल्या कपाटातले कपडे एका बाजूला सारून, आत दोन गोधड्या लटकवून तिने पूर्वीच एक गाण्याची जागा केली होती. आत माईक, डोक्यावर नवऱ्याचे शर्ट, पायाखाली कपाटाची फळी. बाहेर पलंगावर लॅपटॉप घेऊन नवरा बसायचा. तो विमा कचेरीत होता, त्या दिवशी रजेवर होता, आणि रेकॉर्डिंगचं बटण दाबताना क्लेम नाकारतानासारखा चेहरा करायचा. सातवीतली लेक शाळेतून आली होती आणि तिला "श्वाससुद्धा मोठ्याने घेऊ नकोस" असं बजावून ठेवलं होतं.

पहिल्यांदा गायलं ते अडीचला पाठवलं. संगीतकाराचं उत्तर आलं: चढंय. दुसऱ्यांदा गाताना शर्टांची दांडी सुटून अकरा शर्ट डोक्यावर आले आणि गाणं "दार लोटुनी" इथेच थांबलं. दांडी बसवून तिसऱ्यांदा गायलं, ते तीनला पाठवलं. उत्तर: अजून चढंय, पहिल्याइतकंच, तुम्हाला झालंय काय. बावीस वर्षांत तिला सुराबद्दल कुणी बोललं नव्हतं. मागे व्हा म्हणाले होते, हळू म्हणाले होते, साडी सळसळतेय म्हणाले होते, पण चढंय असं कुणी म्हणालं नव्हतं. नवऱ्याने कोमट पाणी आणून दिलं आणि सहानुभूतीने विचारलं, वयामुळे असेल का. त्याला लगेच बाहेरच्या खोलीत पाठवण्यात आलं, आणि मग बटण कोण दाबणार म्हणून परत बोलावण्यात आलं.

उलगडा लेकीने केला. मुलांना श्वास घेऊ नका म्हणून बसवलं की त्यांना नको ते ऐकू येतं. ती भिंतीला कान लावून बसली होती. मग उठली, आपला छोटा कीबोर्ड काढला, चौथी काळी पट्टी दाबली. गाण्याचा सा तोच होता. मग पुन्हा भिंतीला कान लावला आणि म्हणाली, "आई, तू पंपासारखी गातेस."

आईने तिच्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती इथे लिहिण्यात अर्थ नाही.

पण पोर खरं बोलत होती. खाली इमारतीचा पाण्याचा पंप चालू होता. त्याचा पाइप याच भिंतीतून गच्चीवरच्या टाकीला जायचा आणि भिंत, फरशी, कपाट, फळी, सगळं अगदी बारीक घुमत असायचं. माईकला ते ऐकू येत नव्हतं, नवऱ्याला येत नव्हतं. कोरसताईच्या तळपायांना येत होतं. पंपाचा सूर काळी चार आणि पांढरी सहाच्या मधे कुठेतरी होता, गाण्यापेक्षा केसभर वर, आणि बावीस वर्षांची सवय झालेला तिचा कान शेजारणीशी जमवून घ्यावं तसा निमूट पंपाशी जमवून घेत होता. ती उशीवर उभी राहून गायली, गादीवर उभी राहून गायली, एकदा पलंगावर पाय वर घेऊन गायली. पंप ऐकू यायचाच. एकदा शेजारीण ओळखीची झाली की मग ती कुठूनही ऐकू येते.

पाणी सोडायची वेळ एक ते पाच होती, म्हणजे पंप पाचपर्यंत चालणार. सव्वातीनला कोरसताई नवऱ्याला घेऊन पहिल्या मजल्यावर सेक्रेटरीसाहेबांच्या दारात उभी राहिली. फक्त पंधरा मिनिटं पंप बंद करा, एवढंच मागणं होतं.

सेक्रेटरीसाहेब एका सरकारी भांडारातून निवृत्त झाले होते आणि तिथली शिस्त निघताना घरी घेऊन आले होते. त्यांनी नियमांची वही काढली. नियम चौदा: भरणा चालू असताना पंप मधेच थांबवायचा असल्यास आठही घरांची लेखी संमती लागेल. हा नियम उगाच नव्हता. पूर्वी एकाने दुपारच्या झोपेसाठी पंप बंद केला होता, झोप लांबली होती, आणि आठ घरांनी दोन दिवस बाटल्यांवर काढले होते. तो झोपणारा कोण हे वहीत लिहिलं नव्हतं, पण नियम वाचताना साहेबांचा आवाज किंचित खाली आला.

त्यांनी अर्जाचा कागद पुढे केला आणि कारण विचारलं. पंपाचा आवाज रेकॉर्डिंगमध्ये येतो का?

"नाही येत," कोरसताई म्हणाली.

"मग कुठे येतो?"

"माझ्यात येतो."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. असा रकाना नव्हता. बराच विचार करून त्यांनी "तांत्रिक कारण" असं लिहिलं, खाली रेघ मारली, आणि सह्यांसाठी आठ ओळी आखून दिल्या. पट्टीने. तीन पस्तीस झाले होते.

माणसाला घाई असली की लोकांना सल्ला सुचतो. तळमजल्यावरचे डॉक्टर गुरांचे होते. त्यांनी सही करण्याआधी टॉर्च आणला, आ करायला सांगितलं, आणि घशात बघून समाधानाने मान हलवली. घसा उत्तम आहे म्हणाले, फक्त गाताना खाली बसवू नका, उभंच ठेवा. हे त्यांनी नवऱ्याकडे बघून सांगितलं. समोरच्या घरातल्या काकांनी सही केली, पण आधी पूर्ण अर्ज मोठ्याने वाचला आणि त्यात दोन ठिकाणी पूर्णविराम घातले. तिसऱ्या मजल्यावरच्या गृहस्थांनी दाराची साखळी न काढताच फटीतून हात बाहेर घालून सही केली आणि पार्सल कुठेय विचारलं. ते समजावण्यात सहा मिनिटं गेली. दोन घरांत मुलंच होती. आईवडिलांना फोन लावून, ते हो म्हणाल्याचं लिहून घेऊन, खाली मुलांनी आपापली सही केली. एकाने सहीखाली इयत्ता आणि तुकडीही लिहिली.

सगळ्यांत अवघड वरच्या वहिनी. त्यांनी दार उघडलं तेव्हा केसांना कलप लावलेला होता आणि डोक्यावर प्लॅस्टिकची टोपी होती. चार चाळीसला केस धुवायचे होते. टाकीत पाणी किती हे कुणालाच ठाऊक नव्हतं. कोरसताईने सगळं सांगितलं: चार ओळी, पाच वाजता, पडद्यावर नाव. वहिनी ऐकत राहिल्या. टोपीच्या कडेने एक काळा ओघळ कानामागे निघाला.

"एकटं नाव?" त्यांनी विचारलं.

"एकटं."

"आण इकडे कागद. केस काय, परत पांढरे होतीलच." मग सही करता करता म्हणाल्या, "पण पंधरा म्हणजे पंधरा हं. सोळाव्या मिनिटाला माझ्या डोक्याची जबाबदारी तुझी."

चार दहाला कोरसताई स्वतःच्या घराची सही धरून सात सह्या घेऊन परत आली. साहेबांनी मोजल्या. आठवी नव्हती. आठवं घर कोणाचं, असा प्रश्न पडला, आणि दोन मिनिटांनी लक्षात आलं की ते साहेबांचंच. कोरसताईने कागद पुढे केला. पण साहेब म्हणाले की सेक्रेटरी म्हणून त्यांनी अर्ज स्वीकारला आहे, रहिवासी म्हणून तो अजून वाचलेला नाही. ते टेबलाच्या खुर्चीवरून उठले, खिडकीजवळच्या खुर्चीवर बसले, चष्मा पुसला आणि अर्ज वाचू लागले. रहिवासी म्हणून त्यांच्या काही शंका होत्या. त्यांच्या कुंड्यांना साडेचारला पाणी लागायचं. नवऱ्याने घड्याळाकडे पाहिलं आणि विमा कचेरीत वापरतो तो मऊ आवाज काढला: साहेब, कुंड्यांना मी स्वतः बादलीने पाणी आणून घालतो. रहिवासी विरघळले. सही झाली. मग साहेब परत टेबलाशी येऊन सेक्रेटरी झाले आणि त्यांनी शिक्का मारला. शिक्क्याची शाई वाळली होती, तिच्यावर दोन थेंब पाणी टाकावं लागलं.

पंप चार पस्तीसला बंद झाला.

सही केलेल्या माणसाला वाटतं की त्या कामात आपला वाटा आहे. कोरसताई धापा टाकत घरात शिरली तेव्हा अर्धी इमारत तिच्या मागून आत आली होती. डॉक्टर, काका, मुलं, टोपीसकट वहिनी, सगळे झोपायच्या खोलीच्या दारात चपला काढून उभे राहिले. साहेब मात्र खाली पंपाच्या खोलीत, एक बोट बटणावर आणि डोळा मनगटावर.

कोरसताई कपाटात शिरली. दार लावून घेतलं. नवऱ्याने बटण दाबलं. हेडफोनमध्ये वाद्यं सुरू झाली, पायाखालची फळी गप्प होती, भिंत गप्प होती. कुठेही काहीही घुमत नव्हतं. हेच तर हवं होतं.

तिने पहिली ओळ घेतली आणि आवाज अंधारात पायरी शोधणाऱ्या पायासारखा हलला. दुसऱ्या ओळीत तो खाली घसरला. ती थांबली. पुन्हा सुरू केलं. या वेळी चढला नाही, उतरलाही नाही, नुसता भटकला, जत्रेत बोट सुटलेल्या मुलासारखा. बाहेर कुणीतरी हळूच आठ मिनिटं राहिली म्हणालं. कोरसताईने गोधडीला कपाळ टेकवलं. डावीकडे कोणी नव्हतं. डमी गातानासुद्धा उद्या कुणीतरी यावरून गाणार आहे, हे पुसलं जाणार आहे, म्हणून ते येणारं माणूस जणू शेजारी असायचं. आज हे पुसायला कुणी येणार नव्हतं. असं ती आयुष्यात कधी गायली नव्हती.

तिने कपाटाचं दार ढकललं. बाहेर सगळे तिच्याकडे बघत होते आणि कुणीच सल्ला देत नव्हतं. यावरूनच प्रसंग किती कठीण होता ते कळावं. नवरा काहीतरी म्हणणार होता, पण वयाबद्दल एकदा बोलून झालं होतं.

लेक पुढे आली. "मी डावीकडे उभी राहू?"

"गायचं नाही पण."

"नाही गात. नुसतं तोंड हलवते."

दोघींना कपाट पुरत नव्हतं. लेक आईच्या डावीकडे, एक पाय आत एक बाहेर, अशी उभी राहिली आणि दार उघडंच ठेवावं लागलं. पाच मिनिटं होती. नवऱ्याने दोन ठिकाणी गाणं परत मागे नेलं, एकदा चुकून सगळंच बंद केलं, ते पुन्हा चालू केलं. तीन मिनिटं राहिली.

कोरसताई गायला लागली. शेजारून ऐकू काहीच येत नव्हतं, पण शेजारी कुणी होतं. "दार लोटुनी हळूच आली" ही ओळ सरळ आली. लेकीचे ओठ हलत होते आणि मधेच ती शब्द विसरली तरी तसेच हलत राहिले. दुसरी ओळ आली, तिसरी आली. वहिनींच्या कपाळावरून ओघळ भुवईपर्यंत आला आणि त्यांनी तो पुसला नाही. उरली शेवटची ओळ, "झोप पाहुणी ये, ग ये", आणि तिच्यातला शेवटचा "ये" आठ मात्रा लांब धरायचा, सा वर.

ती "ये" वर पोहोचली, आणि खाली साहेबांच्या मनगटावर पंधरा मिनिटं पूर्ण झाली. नियमाचा माणूस. त्याने बटण दाबलं.

आधी ते तळपायात आलं. मग फळी, मग भिंत. केसभर वर, ओळखीचं, आग्रहाचं. लेकीने एकदम खाली पायाकडे पाहिलं. एक मात्रा, दोन. कोरसताईचा कान आपोआप तिकडे वळला, दारात चपलांचा आवाज आला की घर वळतं तसा. तीन. जरासं वर गेलं की सगळं जमणार होतं, कुणाशी भांडण नको, फट नको, बावीस वर्षं असंच जमवलं होतं. चार. तिने लेकीच्या खांद्यावर हात ठेवला आणि जिथे होती तिथेच राहिली. पाच. पंप घुमत राहिला. सहा. दोन सूर एकमेकांवर घासून थरथरत होते आणि त्यातला कुठला आपला हे तिला अगदी स्वच्छ ऐकू येत होतं. सात. बोटं लेकीच्या खांद्यात रुतली. आठ.

नवऱ्याने बटण दाबून गाणं पाठवलं तेव्हा चार त्रेपन्न झाले होते. वहिनी जिन्याने वर धावल्या. बाकी कुणी हललं नाही. चार सत्तावन्नला फोन वाजला. नवऱ्याने तो स्पीकरवर ठेवला.

संगीतकार शेवटची ओळ पुन्हा वाजवून ऐकत होता. मग म्हणाला, "शेवटच्या सुरामागे काहीतरी घुमतंय. चढं आहे."

"पंप आहे. या वेळी कपाटाचं दार उघडं होतं," कोरसताई म्हणाली.

"ते मी काढतो, ते निघेल. पण तुम्ही त्याच्याकडे गेला नाहीत."

"नाही गेले."

"बरं केलंत." कागद उलटल्याचा आवाज आला. "हेच लावतोय. आता नाव सांगा पटकन. माझ्याकडे तुमचा नंबर डावीकडून दुसरी म्हणून आहे."

तिने नाव सांगितलं. त्याला नीट ऐकू आलं नाही. तिने एकेक अक्षर सुटं करून पुन्हा सांगितलं, शाळेत हजेरी देतात तसं, आणि दारातल्या काकांनी ते मनातल्या मनात तपासून मान डोलावली.

इमारतीचं म्हणाल तर टाकी चार बोटं कमी भरली. वहिनींच्या केसांवर कलप ठरल्यापेक्षा जास्त वेळ राहिला आणि ते पुढचा महिनाभर उन्हात जांभळे दिसले. नवरा रोज साडेचारला, ऑफिसातून लवकर निघून, साहेबांच्या कुंड्यांना पाणी घालतो, कारण किती दिवस ते अर्जात लिहिलं नव्हतं. साहेबांनी अर्ज फाइलला लावला आणि शेरा मारला: पंप नियोजित वेळी पुन्हा सुरू केला, कोणतीही गैरसोय झाली नाही.

पुढच्या आठवड्यात स्टुडिओचा रंग वाळला आणि कोरसचं बोलावणं आलं. कोरसताई आपल्या जागी, डावीकडून दुसरी, उभी राहिली. पहिल्या जागेवर नवीन मुलगी होती, घाबरलेली. दुसऱ्याच ओळीला ती केसभर चढली. कोरसताईने ते ऐकलं आणि ती जिथे होती तिथेच राहिली. तिसरी तिच्याकडे वळली, मग चौथी, मग मागून एकेक करत रांग तिच्या सुरावर आली, आणि शेवटी ती नवी मुलगीही आली. काचेपलीकडे संगीतकाराने मान वर केली. त्याने बटण दाबलं आणि स्पीकरमधून कोरसताईचं नाव घेऊन म्हणाला, जरा पुढे या.

नऊ जणींनी, ही कोण, म्हणून वळून पाहिलं.